काटा, दिवा आणि आकडे: जुन्या मोटारींच्या विजेची मोजणी

जुन्या मोटारीवर काम करायला कोणता व्होल्टमीटर घ्यावा, हे त्या मोटारीच्या सालावरून ठरते. १९०८ मध्ये बाजारात आलेली फोर्डची मॉडेल टी ठिणगीसाठी बॅटरीवर अवलंबून नव्हती. इंजिन फिरू लागले की फ्लायव्हीलवरचा मॅग्नेटो वीज तयार करी, आणि इंजिन फिरवायला पुढून हँडल मारावे लागे. वेगाबरोबर चढउतार होणाऱ्या त्या विजेत मोजून लक्षात ठेवावा असा स्थिर दाबच नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि चित्र पालटले. स्टार्टर फिरवायचा तर बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनामो हवा, आणि इंजिन थांबल्यावर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहून जाऊ नये म्हणून मध्ये कटआउट हवा. १९१९ पासून मॉडेल टीलाही स्टार्टर मिळू लागला. बॅटरी, डायनामो आणि कटआउट हे त्रिकूट गाडीत बसल्यावर बिघाड तिघांपैकी नेमका कोणात आहे, हे सांगणारे साधन मेकॅनिकच्या हाती असणे भाग पडले.

ते साधन तोवर तयार झालेले होते. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये द'आर्सोनव्हाल आणि देप्रे यांनी फिरत्या वेटोळ्याचा गॅल्व्हानोमीटर बनवला. १८८८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड वेस्टनने त्याच तत्त्वावर कुठेही नेता येईल असा व्होल्टमीटर काढला. त्याची रचना आजच्या काट्याच्या मीटरातही तशीच आहे. कायमचुंबकाच्या दोन टोकांमध्ये बारीक तारेचे हलके वेटोळे असते. त्यातून वीज गेली की ते वळू लागते, दोन अतिबारीक स्प्रिंगा त्याला मागे ओढतात, आणि दोन्ही जोर सारखे होतात तिथे काटा थांबतो. वेटोळ्याच्या रांगेत केवढा रोध जोडला आहे, त्यावर मापपट्टी ५ व्होल्टची, २० ची की ५०० ची हे ठरते. तारा उलट्या लावल्या तर काटा शून्याच्या मागच्या खुंटीवर जाऊन आदळतो. दाब मोजण्यासाठी या यंत्राला स्वतःची बॅटरी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

१९२३ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत मोजणारा एव्होमीटर तयार झाला. त्याचे आठवे मॉडेल १९५१ मध्ये आले आणि सुधारणा होत २००८ पर्यंत बनत राहिले. कारखाने, तारायंत्र कचेऱ्या, रेडिओ दुरुस्तीची दुकाने येथे त्याने पाय रोवले. मोटार गॅरेजात मात्र तो क्वचितच पोहोचला. त्याच्या किमतीइतकेच दुसरे कारणही होते: मोटारीला त्याच्या निम्म्या मापपट्ट्यांचीही गरज नव्हती.

भारतात मोटारी प्रथम बंदरांतून उतरल्या, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डची भारतीय कंपनीही मुंबईत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या, आणि त्याच सुमारास महिंद्राने मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. एकाच शहरातून निघालेल्या या गाड्यांची वीज मात्र एका जातीची नव्हती. शेव्हरोलेची बॅटरी ६ व्होल्टची आणि तिचे ऋण टोक बॉडीला जोडलेले. डॉजचीही ६ व्होल्टचीच, पण बॉडीला धन टोक. फोर्ड व्ही-८ डॉजसारखी, विलिस जीप शेव्हरोलेसारखी. युद्धानंतरच्या ऑस्टिन आणि मॉरिस १२ व्होल्टच्या, त्यांनाही धन अर्थ, म्हणजे धन टोक बॉडीला. मॉरिसच्या साच्यावरून घडलेल्या सुरुवातीच्या हिंदुस्तान गाड्यांनी तीच रीत उचलली. कुर्ल्याच्या फियाट ११०० ला १२ व्होल्ट आणि ऋण अर्थ. अमेरिकी कंपन्या १९५३ ते १९५६ या काळात १२ व्होल्टवर गेल्या, ब्रिटिश गाड्यांचा धन अर्थ १९६० च्या दशकात संपत गेला, आणि १२ व्होल्ट व ऋण अर्थ ही आज एकमेव वाटणारी व्यवस्था त्यानंतरच सार्वत्रिक झाली.

या सरमिसळीचा फटका आजही बसतो. धन अर्थाच्या गाडीत मीटरची लाल तार बॉडीला आणि काळी तार जिवंत टोकाला लावायची असते. सवयीने काळी तार बॉडीला लावली तर काट्याचा मीटर उलटा ठोकर खातो. डिजिटल मीटर नुसते उणे चिन्ह दाखवतो आणि आकडा बरोबरच देतो. मीटरला हे सोसते. गाडीत मात्र बॅटरी उलटी बसवली गेली तर डायनामोच्या चुंबकत्वाची दिशा नव्याने ठरवावी लागते, आणि नंतर कोणी ट्रान्झिस्टरचा रेडिओ बसवला असेल तर तो जळतो. म्हणून अनोळखी जुन्या गाडीला हात लावताना पहिली मोजणी हीच: बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे आणि एकूण दाब ६ च्या घरात आहे की १२ च्या.

त्या काळच्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर बहुधा व्होल्टमीटर नसे, अँमीटर असे. मधोमध शून्य, एका बाजूला भरणा, दुसऱ्या बाजूला खर्च. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे एवढे त्यावरून चालकाला कळे. डायनामो किती दाब देतो आणि रेग्युलेटर तो कुठे अडवतो, हे कळायला बॉनेट उघडून मीटर लावावाच लागे. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने आपल्या दुरुस्ती पुस्तकांत त्यासाठी लागणारे साधन नेमके सांगून ठेवले होते: चांगल्या प्रतीचा, फिरत्या वेटोळ्याचा, ० ते २० व्होल्टचा मीटर. त्याशिवाय रेग्युलेटरच्या स्क्रूला हात लावू नये, अशी ताकीदही होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ही शिफारस आजही त्या गाड्यांना तंतोतंत लागू पडते, कारण चाचणीची पद्धतच त्या काट्याभोवती रचलेली आहे.

लुकासचा डायनामो तपासण्याची रीत पाहिली की हे पटते. डायनामोवर डी आणि एफ अशी दोन टोके असतात: मोठे वीज बाहेर देणारे, लहान क्षेत्र-वेटोळ्याचे. दोन्हींच्या तारा काढायच्या, टोके उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडायची, मीटरची एक तार त्या तुकड्याला आणि दुसरी डायनामोच्या अंगाला लावायची. मग इंजिन सुरू करून हळूहळू वेग वाढवायचा. काटा झपाट्याने, न थरथरता चढला पाहिजे. तो २० ला टेकू द्यायचा नाही. त्याआधीच वेग कमी करायचा. काटा हललाच नाही तर कार्बन ब्रश पाहायचे. अर्ध्या ते एका व्होल्टपाशी रेंगाळला तर दोष क्षेत्र-वेटोळ्यात. चार-पाच व्होल्टपर्यंत येऊन अडला तर आर्मेचर गेलेले असण्याची शक्यता अधिक. इथे आकड्याइतकीच काट्याची चाल बोलते: सरळ चढतो की अडखळत, थांबतो तिथे स्थिर राहतो की हेलकावे घेतो. ब्रश कम्युटेटरवर नीट बसत नसेल तर काट्याची थरथर ते लगेच दाखवते. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळा नवा आकडा लिहितो. बदलत्या दाबाचे वाचन करताना डोळ्यासमोरून नुसते आकडे सरकतात आणि त्यातून चाल ओळखणे कठीण जाते. पुढची पायरी रेग्युलेटरची. त्याच्या लुकास आरबी १०६ या प्रसिद्ध जातीत बॅटरी तोडलेल्या अवस्थेत दाब १६ व्होल्टच्या किंचित वर अडला पाहिजे, आणि हवा जितकी गरम तितका थोडा खाली. मोजणी अर्ध्या मिनिटात उरकायची, नाहीतर रेग्युलेटरचे वेटोळे तापून वाचनच बदलते.

प्रत्यक्ष धंद्यात मात्र हिंदुस्तानातल्या बहुसंख्य गॅरेजांत हा मीटर नव्हता. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजाराभोवती किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात वाढलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प: होल्डरमध्ये गाडीचाच एक बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सळी. दिवा लखलखीत लागला तर लाइन चांगली, मंद लागला तर कुठेतरी जोड खराब, लागलाच नाही तर वायर तुटलेली. बॅटरीच्या दुकानात हायड्रोमीटर आणि सेल टेस्टर असे. सेल टेस्टर एकेका सेलवर जाड पट्टीचा भार टाकून त्याखाली दाब किती टिकतो हे दाखवी. याहून कच्ची रीत म्हणजे तारेचे टोक बॉडीला घासून ठिणगी पाहणे. ती डायनामोच्या काळात कशीबशी खपून गेली. डायनामोच्या जागी डायोड असलेला अल्टरनेटर आलेल्या गाड्यांत तिने नुकसान केले, आणि जुन्या गाडीत कापडी वेष्टणाच्या वायरीशेजारी पेट्रोलची वाफ असताना ती सरळ आगीला आमंत्रण होती.

टेस्ट लॅम्पला अडाणीपणाचे साधन समजणे चूक आहे. गाडीतला २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे तो लाइनला काम करायला लावतो. साधा डिजिटल मीटर बहुधा एक कोटी ओहम रोधाचा असतो आणि लाइनमधून जवळजवळ काहीच ओढत नाही. गंजलेल्या जोडाच्या पलीकडे त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. दिवा लावताच ते चार होतात. गाळाने तुंबलेल्या नळाची तोटी बंद असताना पाण्याचा दाब भरपूर दिसावा आणि उघडताच धार करंगळीएवढी पडावी, तसाच हा प्रकार. पन्नास वर्षे उन्हापावसात राहिलेल्या वायरिंगमध्ये बिघाड बहुतेक वेळा अशा जोडांतच असतो. म्हणून मीटर कितीही भारी असला तरी दिवे किंवा सेल्फ (स्टार्टर) चालू ठेवून, लाइनवर भार असतानाच मोजायचे असते. बॅटरीचे टोक आणि सेल्फचे टोक यांत मीटर लावून सेल्फ मारल्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर तेवढा दाब केबल आणि जोड खाऊन टाकतात. अर्थिंगची पट्टी याच रीतीने तपासायची. ६ व्होल्टच्या गाडीत हे दुप्पट महत्त्वाचे: अर्धा व्होल्ट तिथे बारावा हिस्सा होतो, आणि तेवढ्याने सेल्फ कण्हत फिरू लागतो.

भारतीय बनावटीचे मीटर स्वातंत्र्यानंतर हळूहळू गॅरेजपर्यंत आले. मोटवाने हे नाव मुळात सक्करहून मुंबईत आलेल्या आणि शिकागो रेडिओ या नावाने सभांचे लाउडस्पीकर पुरवणाऱ्या घराण्याचे. त्यांचे नाशिक रोडला बनलेले काट्याचे मल्टिमीटर आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत अनेक पिढ्यांनी हाताळले. नाशिकच्याच सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स १९८२ मध्ये सुरू झाली, तर मुंबईची मेको कंपनी त्याआधीपासून पॅनेल मीटर बनवत होती. महाराष्ट्रात घडलेले हे मीटर दिल्लीत भगीरथ पॅलेस आणि लजपतराय मार्केटमधून, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून विकले गेले. त्यांतले अनेक रेडिओवाल्यांच्या गरजेने बनलेले होते: दर व्होल्टमागे २०,००० ओहम. व्हॉल्व्हच्या रेडिओत एवढी संवेदनशीलता लागते, कारण तिथे मीटरनेच वीज ओढली तर वाचन बिघडते. मोटारीला दर व्होल्टमागे १,००० ओहमचा साधा मीटरही पुरतो. तो फार तर एक मिलिअँपिअर ओढतो आणि बॅटरीला त्याची खबरही लागत नाही. उलट त्याचे वेटोळे दणकट असते. जुन्या बाजारात दोन्ही दिसले तर मोटारीसाठी दुसरा उचलावा.

डिजिटल मीटर १९५० च्या दशकात अमेरिकेत अँड्र्यू के यांनी बनवला, तो टेबलावर ठेवायचा होता. १९७० च्या दशकात सारे मोजमाप एका चिपवर आले, आणि पुढे चीनमधल्या कारखान्यांनी खिशात मावणारा पिवळा किंवा काळा मीटर काही शे रुपयांत जगभर पोहोचवला. गॅरेजांतल्या टेस्ट लॅम्पशेजारी आज तोच दिसतो.

दिल्लीत या साऱ्याला नवे महत्त्व आले ते जुन्या मोटारी वाहतुकीच्या राहिल्या नाहीत, जतनाच्या झाल्या तेव्हा. द स्टेट्समन या दैनिकाची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासून राजधानीत भरते. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातला १९१४ चा जॉन मॉरिस आगीचा बंब तिच्यात धावला आहे. २०१३ मध्ये हरियाणातल्या तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उघडले. दुसरीकडे राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावरून हटवायचे धोरण पक्के केले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेजचा वेगळा दर्जा आणि 'व्हीए' अक्षरांची नंबरपट्टी मिळाली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची.

या अटीचा थेट परिणाम बॅटरीवर होतो. पप्पनकलांच्या शेतजमिनीवर दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेल्या द्वारकेसारख्या उपनगरात वस्ती मुख्यतः सहकारी सोसायट्यांची. अशा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली गाडी महिनोन्महिने हलत नाही. मे-जूनच्या उन्हात बॅटरी आपोआप लवकर उतरते, आणि रॅलीचे दिवस येतात ते नेमके थंडीत किंवा थंडी सरता सरता, म्हणजे उतरलेली बॅटरी सेल्फला सर्वांत कमी जोर देते तेव्हा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीने १२.६ ते १२.७ दाखवले तर ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर लगेच चार्जरवर. १२.४ च्या खाली दिवसेंदिवस राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरू लागतात आणि ते पुन्हा पूर्णपणे सुटत नाहीत. ६ व्होल्टच्या बॅटरीला हे सगळे आकडे निम्मे: भरलेली ६.३५, अर्धी ६.१. दोहोंत अवघा पाव व्होल्ट. ० ते २० च्या पट्टीवर पाव व्होल्ट म्हणजे काट्याची एक बारीकशी हालचाल, आणि साध्या काट्याच्या मीटरची चूक पूर्ण पट्टीच्या दोन-तीन टक्के, म्हणजे अर्धा व्होल्ट, असू शकते. इथे काटा कमी पडतो आणि स्वस्त डिजिटल मीटर जिंकतो. २० व्होल्टच्या पट्टीवर तो व्होल्टचा शंभरावा भाग वाचतो.

म्हणून उभ्या गाडीसाठी डिजिटल आणि चालत्या इंजिनासाठी काटा ही जोडी सर्वांत समाधानकारक. चालत्या इंजिनाजवळ डिजिटलचे आकडे भरकटण्याला आणखी एक कारण आहे. जुन्या गाड्यांच्या प्लगच्या तारा साध्या तांब्याच्या असतात आणि त्यांतून निघणारा रेडिओ-गोंगाट स्वस्त मीटरच्या चिपला गोंधळात टाकतो. मीटर इंजिनापासून दूर धरून, त्याच्या तारा प्लगच्या तारांपासून लांब ठेवल्या की फरक पडतो. एकच घ्यायचा तर डिजिटल घ्यावा, कारण बॅटरीची देखभाल वर्षभर चालते आणि डायनामोची चाचणी कधीतरीच. पण त्यावेळी कोणाचा तरी काट्याचा मीटर मागून आणावा. घेताना २० व्होल्टची पट्टी आहे का, १० अँपिअरच्या खोबणीला फ्यूज आहे का हे पाहावे. स्वस्त मीटरांत ती खोबण बिनफ्यूजची असते; लाल तार तिच्यात राहून गेली आणि बॅटरीला लावली तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. टोकदार सळ्यांऐवजी मगरी चिमटे लागतील अशा तारा घ्याव्यात, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही हात पंख्यापासून मोकळे राहतात. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकावर चालत्या इंजिनात मीटर लावू नये. पॉइंट उघडताना तिथे क्षणभर काही शे व्होल्ट उसळतात.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची पारख करता येते. देशाचा व्होल्ट पुसा परिसरातल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जोसेफसन परिणामावर आधारलेल्या साधनांनी जपला जातो; सरदार पटेलांच्या हस्ते १९५० मध्ये सुरू झालेली ही संस्था द्वारकेहून निघणाऱ्या मेट्रोच्या ब्ल्यू लाइनपासून लांब नाही. गॅरेजच्या मीटरला तिथपर्यंत जाण्याची गरज नसते. तिच्या मापांशी पडताळणीच्या साखळीने जोडलेल्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेला मीटर ओळखीत कोणाकडे असेल, तर दोन्ही मीटर एकाच भरलेल्या बॅटरीला एकदम लावून पाहावेत. फरक किती येतो तो कागदावर लिहून मीटरच्या पाठीला चिकटवावा. डिजिटल मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की अनेक स्वस्त मीटर खरे असेल त्याहून जास्त दाब दाखवतात आणि रिकामी बॅटरी भरलेली वाटते. पडद्यावर बॅटरीची खूण दिसताच ती बदलावी, आणि गाडी पुढच्या रॅलीपर्यंत झाकून ठेवताना तीही मीटरमधून काढून ठेवावी.